शकुबाईचं ताट

हिंगणीच्या शकुबाईचा उजवा खुबा पार झिजला होता. ओट्यावरून खाली उतरायचं म्हटलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी लक्ष्मणरावांनी बायकोला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं आणि खुबा बदलायचं ठरलं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर मोहिनी गंभीर झाल्या. "आजींच्या अंगात रक्त कमी आहे, वजनही कमी. अशा पेशंटला या ऑपरेशननंतर बहुतेक वेळा रक्त चढवावं लागतं. दोन पिशव्या तरी लागतील असं दिसतंय."

"मंग माहं काढा ना!" लक्ष्मणरावांनी बाही वर सरकवलीसुद्धा.

"या वयात तुमचं नाही घेता येणार, आजोबा."

लक्ष्मणराव ओशाळले. "पन हिचं रक्त कमी काऊन? घरी खायले काई कमी नाई."

डॉक्टरांनी शकुबाईलाच विचारलं, "आजी, जेवता कधी तुम्ही?"

"सगळ्यायचं झालं का मंग. उरलंसुरलं पुरते मले."

जेवून हात धुतला की लक्ष्मणराव अंगणात जाऊन बसत. आपली बायको जेवताना कशी दिसते, हेच त्यांना आठवेना.

डॉक्टर म्हणाल्या, "महिनाभर थांबू. लोहाची इंजेक्शनं देते. नीट खाल्लं तर बाहेरचं रक्त कमी लागेल."

त्या दिवसापासून शेजारी शकुबाईचं ताट वाढल्याशिवाय लक्ष्मणराव घासाला हात लावीनात. सुनेसमोर ती लाजेनं अर्धी व्हायची.

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. तू खाय."

तिनं भाकर अर्धी ठेवली की तेही थांबायचे. मग ती रागारागानं उरलेली संपवायची.

महिन्यानं रक्त बरंच वाढलं. कामासाठी जाम गावी राहणारा मुलगा धीरज आला, त्यानं रक्तपेढीत रक्त दिलं. ऑपरेशन नीट पार पडलं. पण दुसऱ्या दिवशी शकुबाई पांढरीफटक पडली आणि तिला एक पिशवी लावावीच लागली. थेंब थेंब उतरणाऱ्या त्या रक्ताकडे पाहत लक्ष्मणराव पुटपुटले, "मीच कमी पडलो."

"एका पिशवीवर भागलं, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. "महिन्यापूर्वी केलं असतं, तर एवढ्यावर भागलं नसतं."

संध्याकाळी नर्सनं शकुबाईला वॉकर धरून उभं केलं. समोर लक्ष्मणराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत होते.

"काऊन रडून राह्यले? मी उभी हाओ ना!"

"कुठं रडून राह्यलो? तू पाय टाक."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि पाय पुढे टाकला.