पुढच्या चाकांच्या डिस्क

धाकट्या भावाने ती जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणली, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली. वस्तू आवडली की याची अक्कल गहाण पडते, आणि निस्तरायला ताई आहेच. माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मागे छोटं गॅरेज.

कागदांवरचं साल बघून मी दुकानातून चारही चाकांच्या नव्या ब्रेक डिस्क काढल्या. मागच्या निमूट बसल्या. पुढच्या मात्र डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरमध्ये जाईनात, इतक्या जाड.

"ताई, चुकीच्या दिल्यास."

"माझ्या दुकानातून चुकीचा माल जात नाही," मी त्याच्यावर खेकसले.

त्या मॉडेलच्या आधीच्या सालांत पुढे पातळ डिस्क असायच्या. हट्टाने त्या लावून पाहिल्या, तर अगदी चपखल बसल्या. कुणीतरी पुढचे भाग बदलले असतील म्हणून मी विषय संपवला. माझा शब्द खरा ठरला होता, एवढं मला पुरलं.

आवारात मीच गाडी पळवून करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. खालून काहीतरी कुरकुरलं.

"म्हातारी आहे, कण्हणारच," धाकटा म्हणाला. मीही हसले. बायकोला शेजारी बसवून तो घाटाकडे निघाला.

आवार झाडताना, ब्रेक मारला होता तिथे, पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीची हातभर लांब पट्टी पडलेली दिसली. सरळ, फूटपट्टीने आखल्यासारखी. उलटून पाहिली. पत्र्याचा जुना रंग तिला चिकटून आला होता. एका कडेला हिरवा, दुसऱ्या कडेला पांढरा.

पुढची अर्धी गाडी एका सालची, मागची दुसऱ्या सालची. दोन ठोकलेल्या गाड्या सीटांखाली कापून जोडल्या होत्या आणि वर पुट्टी फासली होती. डिस्क तेच सांगत होत्या. मला फक्त त्या बसवायच्या होत्या.

फोन भावजयीने उचलला.

"ताई, हे चालवतायत. उतार लागलाय. ब्रेक झकास झालेत म्हणतायत. थांबा, स्पीकरवर टाकते."

ब्रेक दाबला की पुढची चाकं थांबणार, आणि मागची अर्धी गाडी त्या जोडावर येऊन रेटणार. ब्रेक लावू नकोस, हे घाट उतरणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

"बोल ना, ताई," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजामागे ती कुरकुर येत होती, मघापेक्षा मोठी.