क्रूसापासून उजवीकडे

मित्रांनो, श्वान पथकाच्या खोलीत तिसऱ्या खिळ्याला जे काळपट, सुरकुतलेलं काहीतरी लोंबतंय, ते वाळलेलं कारलं नव्हे, तो मी. पोलिसांच्या कुत्रीचा जुना कातडी पट्टा. आज मोजाल तर मी अकरा फूट भरेन. जन्मलो तेव्हा चांगला पंचवीस फूट होतो. बाकीचे चौदा फूट कुठे गेले ते सांगतो, पण जरा दम धरा. ते आठवलं की अजून माझ्या टाक्याटाक्यातून सणक जाते.

सोपाऱ्याच्या बाजारात पांडुरंग नावाचे एक चर्मकार बसायचे. त्यांनी रापीने माझं कातडं कापलं, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं. घ्यायला आलेल्या पोलिसाला ते म्हणाले, "म्हशीचं कातडं आहे, साहेब. म्हशीसारखंच वागणार. तेल पाजा, मग बघा."

माझ्या एका टोकाची पितळी आकडी जिप्सीच्या गळपट्ट्यात अडकली. जिप्सी म्हणजे डॉबरमन, अंगाने शेवग्याची शेंग आणि स्वभावाने हेडमास्तरीण. दुसऱ्या टोकाचा फास हवालदार लेस्टर तुस्कानो याच्या मनगटात बसला. सात वर्षं आम्ही तिघं असेच जोडलेले होतो. त्रेसष्ट वेळा माग काढला. पट्ट्याला दुसरा उद्योग नसतो, म्हणून नोंद चोख ठेवतो. बोळिंजच्या एका संकुलातून इन्व्हर्टर चोरीला गेला, तेव्हा जिप्सीने थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात बैठक मारली. सेक्रेटरी म्हणाले, "तिला लांब ठेवा, मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे." ॲलर्जी नव्हती, मित्रांनो. पलंगाखाली इन्व्हर्टर होता.

कौतुकही भरपूर झालं. म्हणजे बाकीच्यांचं. पेपरात फोटो आला की मधोमध मोठे साहेब, कडेला लेस्टर, खाली जिप्सीचे दोन कान, आणि मी कापलेला. साहेब लोक मला फोटोपुरतं दोन बोटांनी धरत, जशी उष्टी पत्रावळ धरावी.

लोकांना वाटतं, पट्ट्यातून फक्त हुकूम जातो, हाताकडून कुत्र्याकडे. तसं नसतं. तिच्या मानेला काय वाटतं ते मला कळतं आणि त्याच्या मनगटाला काय वाटतं तेही कळतं. लेस्टरच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माग लागला की मूठ सैल. नाक तिचं, पाय तुझे. अक्कल घरी ठेवून यायची." लेस्टरने हा नियम बासष्ट वेळा पाळला. आता त्रेसष्टाव्या वेळेचं ऐका.

मार्चमधला गुरुवार. सकाळी साडेआठला लेस्टरचा फोन वाजला. सांडोरहून त्याची इझाबेल काकी बोलत होती.

"लेस्टर, काका आला नाही रे घरी."

ऑस्कर काका म्हणजे लेस्टरचा दुसरा बापच. लेस्टर चौथीत असताना त्याचे पापा गेले. तेव्हापासून काकांनी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं. आता काका एकाहत्तरचे. केळीची वाडी आणि मधुमेह, दोन्ही सांभाळत होते. आणि घोटाळा तिथेच होता. काका पहाटे साडेपाचला इन्सुलिनची सुई टोचून घेत, पण सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, उपाशीपोटीच जात. कम्युनियनचा, म्हणजे प्रभूच्या भाकरीचा, प्रसाद घेण्याआधी पोटात काही जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या आईने लावलेली सवय. फादरांनी चारदा समजावलं, "ऑस्कर, एक तास पाळला तरी पुरे." काका म्हणत, "फादर, तुम्ही नवीन आहात." मिस्सा संपली की घरी येऊन पेज जेवायची, हा नेम. त्या दिवशी मिस्सा सातला संपली. काकी बायकांशी बोलत मागे राहिली. काका "चहा टाकतो" म्हणून पुढे निघाले. काकी घरी पोचली तर चूल थंड आणि काका बेपत्ता. अंगात इन्सुलिन आणि पोटात अन्नाचा कण नाही. असा माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग पडतो, आणि कुणी गोड भरवलं नाही तर उठत नाही.

आम्ही पावणेदहाला पोचलो. सोबत उपनिरीक्षक ऋतिका राऊत मॅडम होत्या. जीपमध्ये त्यांनी विचारलं, "लेस्टर, घरचं माणूस आहे. दुसरा हँडलर मागवू?"

"तो जव्हारला आहे, मॅडम. यायला तीन तास."

 त्याच्या मनगटातली नस माझ्यावर टकटक वाजत होती.

"काकी, काकांचे कालचे कपडे दे. वास द्यायला हवेत," लेस्टर म्हणाला.

"धुतले."

"बनियन?"

"सगळं धुतलं. चादर, उशीचे अभ्रे, पायपुसणंसुद्धा. अरे, पोलीस घरात येणार, मॅडम येणार, आणि मी काय घामट बनियन दाखवू?" असं म्हणत काकीने मोठ्या मानाने कपाटातला चर्चचा काळा कोट काढून आणला. जिप्सीने तो हुंगला आणि डांबरगोळ्यांच्या वासाने सलग तीनदा शिंकली.

"काकी," मॅडम म्हणाल्या, "आम्ही लग्नाला नाही आलो."

लेस्टर घराच्या मागे धावला. केळीचे घड डोक्यावरून वाहताना खाली ठेवतात ती चिंध्यांची गोल चुंबळ पडवीत खुंटीला होती. वीस वर्षांचा घाम आणि केळीचा चीक तिने प्यायलेला.

"शी! ती नको रे," काकी कळवळली. "चार वर्षं सांगतेय, फेक म्हणून!"

जिप्सीने चुंबळीत नाक खुपसलं मात्र, तिच्या मानेतून माझ्यात असा झटका आला की माझी आकडी खणखणली. काकीने गुळाचा खडा कागदात बांधून लेस्टरच्या खिशात कोंबला. "सापडला की आधी हे तोंडात घाल. प्रश्न नंतर विचार."

चर्चच्या दारापासून माग सुरू झाला. जिप्सी जमिनीला नाक लावून निघाली, गल्लीतून, वाडीच्या कडेने, आणि वाटेवरच्या दगडी क्रूसापाशी आली. तिथे रस्त्याला दोन फाटे. डावीकडे ज्युडची वाडी. उजवीकडे जुनं बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं खोदीव तळं.

आता हा ज्युड कोण? काकांचा शेजारी. दोघांचं कुंपणावरून अकरा वर्षं भांडण. गेल्या रविवारीच चर्चबाहेर, सगळ्या गावादेखत, ज्युड ओरडला होता, "ऑस्कर, एक दिवस तुला बावखलात बुडवीन!" लेस्टरने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

जिप्सीची मान उजवीकडे वळली. लेस्टरचं मनगट डावीकडे वळलं.

मित्रांनो, मी मधोमध होतो! मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं. उजवीकडे, अरे शहाण्या, उजवीकडे! पण पट्ट्याला आवाज नसतो, फक्त ताण असतो. जिप्सीने एकदा ओढून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मात्र ती मान खाली घालून लेस्टरच्या मागे गेली, आपलं कुणी ऐकत नाही हे कळलेल्या घरातल्या बाईसारखी.

ज्युडच्या वाडीत वीस मिनिटं गेली. कोंबड्यांचं खुराडं पाहिलं, विहीर पाहिली, पंपाची खोली पाहिली. ज्युड केळीची पानं कापत होता, तो हातातल्या कोयत्यासकट समोर आला.

"ज्युड अंकल, काका कुठे आहेत?"

"मला विचारतोस? मी काय त्याला घरजावई करून घेतलाय?"

"रविवारी तुम्ही म्हणालात, बुडवीन."

"अकरा वर्षं म्हणतोय मी. बुडवला का एकदा तरी?" मग त्याने लेस्टरचा चेहरा पाहिला आणि कोयता खाली केला. "का रे? काय झालं ऑस्करला?"

जिप्सी चिखलात बसली होती. लेस्टरने मला हिसका दिला. "शोध! जिप्सी, शोध!" सात वर्षांत त्याने मला असा हिसका कधी दिला नव्हता. ती हलली नाही.

ज्युड तिच्याकडे बघत होता. "लेस्टर, वास कुत्री घेते की तू?"

"म्हणजे?"

"तू घेत असशील तर तिला घरी सोड, बिचारीला ऊन लागतंय. आल्यापासून ती क्रूसाकडे मान करून बसलीय. मी जन्मभर गुरं राखली. जनावर जिकडे मान करतं, तिकडे त्याचं काहीतरी असतं."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "लेस्टर, वीस मिनिटं झाली."

लेस्टरने माझ्याकडे पाहिलं. बोटं पांढरी पडेपर्यंत मूठ आवळली आहे, हे त्याला तेव्हा दिसलं. तो क्रूसापर्यंत धावत आला, जिप्सीच्या नाकाला पुन्हा चुंबळ लावली, आणि मूठ उघडली. माझी पंचवीसच्या पंचवीस फूट लांबी त्याच्या हातून सरसर सुटली.

काय धावलो आम्ही! केळीची पानं फडाफड तोंडावर, पायाखाली पाटाचं पाणी, जिप्सी पुढे बाणासारखी, मी मध्ये ताठ, लेस्टर मागे धापा टाकत, त्याच्यामागे मॅडम, आणि सगळ्यांच्या मागे लुंगी खोचून ज्युड. बावखलाच्या काठाशी जिप्सी थबकली. पाण्याला नाक लावलं.  "देवा, नको," लेस्टर पुटपुटला. जिप्सीने अंग झटकलं आणि काठाने पुढे निघाली. पाण्यात नव्हते काका! काठाने गेले होते!

पलीकडची बाजू बघून मी हबकलोच. निम्मं बावखल बुजलेलं. फुटक्या टाइल्स, सिमेंटचे तुकडे, वाकड्या सळया, सगळा बांधकामाचा राडा. शेजारी एक डंपर आणि पत्र्याची शेड. डंपरचा ड्रायव्हर सोनू दात कोरत उभा होता.

"क्या मॅडम? इधर कोई नाय. मटेरियल ठेवलाय फक्त."

जिप्सीने शेडच्या फटीत नाक घातलं आणि इतक्या जोरात भुंकून दाखवलं की पत्रे थरथरले.

"चावी," मॅडम म्हणाल्या.

"चावी शेठकडे." एवढं बोलून त्याने टुणकन डंपरमध्ये उडी मारली आणि गाडी मागे घेतली.

मी जमिनीवर पसरलेला होतो. मागचं चाक माझ्यावर चढलं, मी चाकाला गुंडाळत गेलो, आणि जिप्सी मानेने फरफटत चाकाकडे ओढली जाऊ लागली. लेस्टरने झेप घेतली, अंगठ्याने आकडी दाबली. खट्! जिप्सी सुटली. पण फास त्याच्या मनगटात होता. आता ओढला जात होता तो! मी ताणलो. सळईच्या धारेवर घासलो. मग माझ्यातून जे काही कराकरा गेलं, ते गेलं. मी तुटलो: चौदा फूट चाकाला गेले, अकरा लेस्टरच्या मनगटाला राहिले. मित्रांनो, तुटताना कुणाला आनंद होतो का? मला झाला!

डंपर चार हात मागे गेला आणि स्वतःच ओतलेल्या राड्यात रुतला. मॅडमनी सोनूला कॉलर धरून खाली उतरवलं. इकडे ज्युडने कोयत्याने शेडचे पत्रे उचकटले. आत काका भिंतीला टेकून बसले होते, घामाने निथळत, डोळे अर्धे मिटलेले. मिस्सेहून घरी जाताना ते इकडे वळले होते; बावखल बुजवणाऱ्या डंपरचे नंबर टिपून घेत होते म्हणून सोनूने त्यांना आत कोंडलं होतं.

लेस्टरने गूळ कुस्करून त्यांच्या गालाच्या आतून चोळला. पुन्हा चोळला.  त्याच्या मनगटावर उरलेला मी लोंबकळत होतो. पाच मिनिटांनी काकांची जीभ हलली.

"वही... त्याने वही घेतली. तेवीस गाड्या लिहिल्या होत्या मी." मग नजर फिरली. "हा ज्युड इथे काय करतो? कुंपण कोण राखतंय?"

"उठून तूच राख," ज्युड म्हणाला आणि तोंड फिरवून खांद्याला नाक पुसलं. "आधी गूळ गीळ, मेल्या."

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. लेस्टर खुर्चीत बसून राहिला. त्या अर्ध्या तासाशेजारी तो आपली वीस मिनिटं ठेवून बघत होता. मला कळत होतं ते. संध्याकाळी त्याने अहवालात लिहिलं: "सुरुवातीला दिशा चुकली. श्वान जिप्सी बरोबर होती. चूक हँडलरची."

मॅडमनी वाचलं. "हे लिहायलाच हवं का? काका सापडले ना?"

"नाही लिहिलं तर तिच्या नावावर जाईल, मॅडम. लोक म्हणतील, कुत्री चुकली."

मॅडमनी खाली सही केली.

आता जिप्सीला नारिंगी नायलॉनचा पट्टा आलाय. हलका आहे, पावसात कुजत नाही, दिसायलाही भडक. मला गेल्या चार महिन्यांत तेलाचं बोट लागलेलं नाही; अंगाला भेगा पडल्यात. तुम्हांला जमलं तर तेवढं करा. घरात जे जुनं कातडं, जुनी माणसं, जुनी जनावरं असतील, त्यांना अधूनमधून तेल लावा आणि त्यांनी काही खाल्लंय का ते विचारा.

आणि एक. उद्या तुमच्या हातात कुणाचा तरी पट्टा येईल, कुत्र्याचा म्हणा, धाकट्या भावंडाचा म्हणा. तेव्हा मूठ जरा सैल ठेवा. ओढलं की कुणीही तुमच्या मागे येतं, मित्रांनो. पण आपण ज्याला शोधत असतो, तो तिकडे नसतो.