धाकूचा बास
चिंतामणीला मेंदूचा झटका आला त्याला आज सहावा दिवस. डोळे मिटलेले, हाक मारली तरी ओ नाही. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं काहीतरी ऐकवा. पण फार आशा धरू नका." त्याची लेक उर्वी माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पाकाका, ती कॅसेट?"

ती कॅसेट मी बोटीवर नोकरीला असताना अमेरिकेतल्या एका बंदरावरच्या बारमध्ये, टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून भरून आणलेली. सोल म्हणतात तसलं संगीत. पुढे सॅक्सोफोन, मागे तिघे. त्यांची नावं विचारायचं मला सुचलंही नाही. चिंतामणीने बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात बसून ती इतक्यांदा ऐकली की मागच्या तिघांचं बारसंच करून टाकलं: ड्रमवाला गणू, ऑर्गनवाला नाना आणि बास गिटारवाला धाकू. मी सॅक्सोफोनवर जीव टाकणारा. हा मेला चाळीस वर्षं सांगत आला, "आप्पा, त्याचं सोड रे. धाकू काय करतो ते ऐक. तो नसता तर तुझा सॅक्सवाला तोंडावर पडला असता." मी हसण्यावारी न्यायचो.

कॅसेटमधली फीत जुनी, ठिसूळ. दुकानात मोबाइलवर उतरवायला दिली. आणि मी अतिशहाणा! मीच बजावलं, "सॅक्सोफोन स्वच्छ हवा. मागचा गलका काढून टाका." दुकानदाराने कॉम्प्युटरवर खरोखरच काढला. मूळचं ठेवलंही नाही. फीत तर उतरवतानाच तुटली होती.

हे मला कळलं ते दुपारी चारला, चिंतामणीच्या उशाशी. मोबाइल त्याच्या कानाला लावला आणि सॅक्सोफोन एकटाच वाजू लागला. गणू नाही, नाना नाही, धाकू नाही. चिंतामणीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुन्हा लावलं. उर्वीने तोंड फिरवलं. "काका, राहू दे आता."

"थांब गो!" मी ओरडलो. नर्सने डोळे वटारले. मी मोबाइल बंद केला आणि धाकू आठवू लागलो. हजारदा ऐकलेला, आणि एक तुकडा आठवेना! सॅक्सोफोनची एकेक फुंकर मला पाठ. माझ्या मित्राला जे आवडायचं ते मात्र मी कधी ऐकलंच नव्हतं. स्वतःची लाज वाटली, रडूच फुटलं. तरी वाकून तोंडाने सुरू केलं, "डुम्, डुडुम्, डुम्..." सगळं चुकत होतं. मलाही कळत होतं.

चिंतामणीच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा!" उर्वी किंचाळली. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. आठी मावळायला लागली तसा मी घाबरलो, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा म्हटलं, आणखी चुकवून.