तलावाच्या शेवाळाचं खत

बुळकांडीच्या साथीत रुख्माचे दोन्ही बैल गेले आणि त्याच पावसाळ्यात तापानं नवराही गेला. पोर झालंच नव्हतं. केशोरीजवळच्या त्या गावात तिला धानाची एक बांधी, एवढंच शेत उरलं आणि रिकामा गोठा. जनावर नाही तर शेण नाही, आणि खताशिवाय त्या निकस जमिनीत धान कुठलं पिकायला?

मालगुजारी नुकतीच गेली होती. गावच्या तलावाची देखभाल करणारा मालगुजार उरला नव्हता, त्यात शेवाळ माजलं होतं. हिवाळ्यात वारा सुटला की ते तलावाच्या बांधाला, पाळीला येऊन लागायचं आणि तिथंच कुजायचं. जिथं ते कुजे, तिथलं गवत गर्द हिरवं उठे, हे धुणं धुताना रुख्माच्या ध्यानात आलं. ती शेवाळ टोपल्यानं घरी वाहू लागली. परसात खड्डा खणून शेवाळ, राख, माती असे थर घालू लागली.

वास सुटला. शेजारची गीताबाई दोन परसांमधल्या काट्यांच्या कुपाटीपलीकडून ओरडली, "काय सडवून राहिली व मावशी? जेवन जात नाही आमाले!"

"धानासाठी खात करून राहिली. ये ना, पाहून जा."

गीताबाई नाक धरून आपल्या घरात गेली. पुढं रुख्माकडे चूल पेटवायला इस्तू मागायलाही कोणी येईना.

पहिल्या वर्षी खत कच्चं राहिलं, रोवलेलं धान पिवळं पडलं. दुसऱ्या वर्षी तिनं खड्डा उपसून खालीवर केला. त्या साली धान कमरेला लागलं. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघत. आता कोणीतरी विचारायला येईल, असं तिला वाटलं. राख किती, पाणी कधी शिंपायचं, सांगायचं सगळं तिनं मनात जुळवून ठेवलं. अंगण रोज झाडू लागली.

कोणी आलं नाही.

पौषात ती तलावावर गेली तर पाळीवर माणसंच माणसं. गीताबाई, तिचा नवरा शालीकराम, सुना, पोरं, सगळे शेवाळ ओढत होते, एकमेकांवर चिखल उडवत हसत होते.

"गीता, मले इचारलं काऊन नाही?"

"इचाराचं काय त्याच्यात, मावशी? कुपाटीतून पाहूनच राहिलो ना आमी!" गीताबाईच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. "सरक जराशी, टोपलं जाऊ दे."

रुख्मा सरकली. टोकाला उरलेलं शेवाळ भरून घरी आली. पलीकडच्या परसात थर तुडवणारे पाय थपथप वाजत होते, कोणीतरी कोणाला चिडवत होतं. फावडं हातात धरून ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग माती ओढू लागली.