चलनात नसलेली पेटी

नवी कामवाली ठेवली की पहिल्या आठवड्यात सुनेत्रा आपलं एक कानातलं बेसिनच्या कडेला मुद्दाम विसरायची. तिची आई कऱ्हाडला हेच करत असे. कानातलं जागेवर राहिलं तर बाई चांगली, नाहीतर दुसरी शोधायची. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही परीक्षा होते. कुणी गादीखाली नोट ठेवतं, कुणी कपाट उघडं टाकून बाजारात जातं. त्यात वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. दक्षिणेतल्या या मोठ्या शहरात, वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये सुनेत्रालाही कधी वाटलं नव्हतं.

म्हणून त्याच शहरातल्या माधवरमच्या ऑफिसात विश्वेश नावाच्या नव्या ड्रायव्हरचा प्रश्न आला, तेव्हा तिला उपायही तोच सुचला.

माधवरमची ती लॉरी कंपनी तशी लहान. मालक कोइमतूरला राहायचे आणि इथला सगळा कारभार सुनेत्रा पाहायची. कुठली गाडी कुठे जाणार, कुठला ड्रायव्हर ठेवायचा, कुणाला काढायचं, हे तीच ठरवायची. विश्वेश तिच्यासमोर आला तो हेवी लायसन्स घेऊन. ते तिने पाहिलं, ठीक होतं. मग तो न विचारताच म्हणाला, "मॅडम, एक सांगून ठेवतो. मी दोन वर्षं तुरुंगात होतो. चोरीसाठी. गोदामात कामाला होतो, तिथला माल बाहेर विकला."

"खोटी केस होती का?"

"नाही. खरी होती."

या उत्तराने ती गोंधळली. खोटी केस म्हणणारी माणसं तिला समजायची. हा सरळ कबूल करत होता, म्हणजे यामागे काहीतरी डाव असणार, असं तिच्या मनाने घेतलं.

तरी तिने त्याला महिनाभर परीक्षेवर ठेवलं, कारण ड्रायव्हर मिळत नव्हते आणि शब्द टाकला होता सेतुमाधवरावांनी. सेतुमाधवराव ऑफिसातली बिलं पाहायचे. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी, राहायला तिरुवल्लिकेणीत. विश्वेश त्यांच्याच गल्लीतला.

"चार कंपन्यांत त्याने खरं सांगितलं," ते आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले होते, "आन चारी ठिकाणीं 'मग कळवतों' म्हणाले. पांचवी तुमची. इथंही नाहीं झालं तर तो पुन्हा खरं बोलणार नाहीं, लिहून देतों."

महिना संपत आला. विश्वेशची गाडी वेळेवर जायची, वेळेवर यायची. डिझेलचा हिशोब जुळायचा. इतर ड्रायव्हर चहाला थांबून गप्पा ठोकायचे, हा किल्ली टेबलावर ठेवून निघून जायचा. सुनेत्राला यातलं काहीच पटेना. गप्प राहतो, म्हणजे लपवतोय. हिशोब चोख ठेवतो, म्हणजे विश्वास कमावून मोठा हात मारणार. दिवसातून कितीदा तरी ती संगणकातल्या नकाशावर त्याच्या लॉरीचा ठिपका पाहायची.

"महिनाभरात त्याचं काही निघालं नाही," ती एकदा म्हणाली. "म्हणूनच काळजी वाटते."

सेतुमाधवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "निघालं तर चोर, नाहीं निघालं तर हुशार चोर. मग त्या पोरानं करावं तरी काय, सांगा बघूं?"

"तुमच्या माणसाची बाजू तुम्ही घेणारच."

"घेतों की. तुम्ही कऱ्हाडचा ड्रायव्हर आणला असता तर तुम्हीही घेतली असती. तपासा, मी कुठं नको म्हणतों? एकेक पेटी मोजा. पण त्याच्या समोर उभ्या राहून मोजा, अम्मा. पाठीमागून नको."

तिने मान हलवली आणि पाठीमागूनच करायचं ठरवलं.

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून गाड्यांचे सुटे भाग ओरगडमच्या मोटार कारखान्यात जायचे होते. सुनेत्राने लोडिंगवरच्या आपल्या सुपरवायझरला गाठलं. विश्वेश जेवायला गेला की बेअरिंगची एक जास्तीची पेटी त्याच्या लॉरीत मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली सरकवायची. मालासोबत जाणाऱ्या यादीत, म्हणजे चलनात, तिची नोंद करायची नाही. जुन्या बाजारात ती कुठेही खपली असती आणि कुणी हिशोबही मागितला नसता. विश्वेशला तिने सकाळीच बजावलं होतं, "रस्त्यात काहीही झालं तरी फक्त मला फोन करायचा. दुसऱ्या कुणाला नाही."

दुपारी त्याचा फोन आला. तिने उचलला नाही. उचलला असता तर परीक्षा कसली? थोड्या वेळाने पुन्हा आला, मग पुन्हा. तिने फोन पालथा ठेवला.

लॉरीचा ठिपका आउटर रिंग रोडवर टोलनाक्याजवळ थांबला होता. अर्धा तास झाला, हलला नाही. तासाभराने ओरगडमहून विचारणा झाली, माल कुठे आहे? दीड तासाने तिथला मॅनेजर चढ्या आवाजात बोलू लागला. आणि सुनेत्राच्या मनात चित्र पक्कं झालं. तिथे कुणीतरी गिऱ्हाईक आलं असणार, आता पेटी उतरत असणार.

"चला," ती सेतुमाधवरावांना म्हणाली. "तुमचा माणूस काय करतोय ते दाखवते."

गाडीत ते म्हणाले, "आधीं त्याला फोन तर लावा."

"लागत नाही," ती म्हणाली.

टोलनाक्यावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. लॉरी अगदी कॅमेऱ्याच्या खांबाखाली उभी होती. ताडपत्री बांधलेली, आजूबाजूला कुणी नाही. विश्वेश तिथून बराच दूर, टोलच्या खोलीच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. या दोघांना पाहून तो उठला, पण लॉरीकडे गेला नाही.

"मॅडम, गाडीत एक पेटी जास्त आहे. दोर सैल झाला म्हणून पाहिलं, तर दिसली. चलनात नाही. किल्ली टोलवरच्या बाईंकडे दिली आहे. पेटी दिसल्यापासून मी गाडीला हात लावलेला नाही. त्यांना विचारा, कॅमेऱ्यातही असेल."

"मग पुढे का नाही गेलास? तिकडे माल अडकलाय!"

"ओरगडमच्या गेटवर मोजतात. एक पेटी जास्त निघाली की पहिल्यांदा ड्रायव्हरची चौकशी. मग माझं मागचं निघणार. परत गुम्मिडिपूंडीला जावं, तर तुम्ही विचाराल, वाट सोडून कुठे गेला होतास? म्हणून थांबलो. तुम्हाला फोन करत होतो."

सेतुमाधवराव सुनेत्राकडे वळले. "तुम्ही तर म्हणालांत, फोन लागत नाहीं."

तिने नजर लॉरीकडे वळवली.

"मला तरी करायचास रे," ते विश्वेशला म्हणाले.

"मामा, तुम्ही आपले. उद्या म्हणाले असते, दोघांनी मिळून ठरवलं." मग त्याने सुनेत्राकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "ती पेटी तुम्हीच ठेवायला सांगितलीत ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. सुपरवायझरवर ढकलता आलं असतं, चुकून चढली म्हणता आलं असतं. पण भर उन्हात स्वतःच्या लॉरीपासून लांब बसलेला हा माणूस, आणि गार खोलीत फोन पालथा घालून बसलेली आपण! आज या सगळ्या प्रकरणात खोटं एकाच माणसाने सांगितलं होतं, आणि तो माणूस विश्वेश नव्हता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

विश्वेशने मान हलवली, जणू त्याला ते मघाशीच कळलं होतं. "पेटी उतरवून घ्या. माल मी ओरगडमला पोचवतो, तो वेळेवर देणं माझं काम आहे. उद्यापासून मात्र येत नाही."

"अरे, असं कसं?" सेतुमाधवराव मध्ये पडले. "घरीं काय सांगशील?"

"सांगेन, पाचव्या कंपनीतही जमलं नाही. मामा, मी चोरी केली होती. मला मोजा, झडती घ्या, मला राग नाही. पण रोज गाडी चालवायची आणि रोज शोधत बसायचं, आज कुठे काय ठेवलंय, हे मला जमायचं नाही. अशाने रस्त्याकडे लक्ष कसं राहणार?"

सेतुमाधवराव सुनेत्राला म्हणाले, "ऐकलंत? तपासणी म्हणजे प्रश्न, अम्मा. माणूस त्याचं उत्तर देऊं शकतो. सापळ्यांत प्रश्नच नसतो. तिथं निकाल आधीं लागलेला असतो, नुसता पुरावा यायचा बाकी."

सुनेत्राने फोन काढला आणि तिथेच, दोघांच्या देखत, ओरगडमच्या मॅनेजरला लावला. "उशीर आमच्या ड्रायव्हरमुळे झाला नाही. माझ्या चुकीमुळे झाला. त्याने केलं ते बरोबर केलं. हो, मालकांना मीच सांगते." पलीकडून बरंच काही ऐकवण्यात आलं. तिने ते मधे न बोलता ऐकून घेतलं. मग टोलवरच्या बाईंकडून किल्ली आणली आणि विश्वेशच्या समोर धरली.

"उद्यापासून लोडिंगला ड्रायव्हर आणि सुपरवायझर दोघांनी मिळून मोजायचं. सगळ्याच गाड्यांचं, फक्त तुझ्या नाही. तुझा महिना आज संपला असं समज. नोकरी पक्की. राहशील?"

तो तिच्याकडे संशयानेच पाहत राहिला, आणि तो त्याचा हक्क होता.

"एक अट आहे," शेवटी तो म्हणाला. "मी फोन केला की उचलायचा."

"उचलेन."

त्याने किल्ली घेतली. पेटी खाली उतरली, दोर पुन्हा आवळला गेला आणि लॉरी ओरगडमच्या वाटेला लागली.

वाचकहो, आपल्या घरात, दुकानात, ऑफिसात उद्या कुणी येईल आणि आपला जुना गुन्हा स्वतःहून सांगेल. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं कुणी म्हणत नाही. त्याला विचारा, त्याचं काम तपासा, जसं इतरांचं तपासता तसंच. पण त्याच्या वाटेत मोह पेरू नका, आणि त्याने हाक मारली की बहिरे होऊ नका. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला शेवटची तारीख असते. आपल्या संशयाची शिक्षा मात्र आपण संपवली तरच संपते. ती संपवणं हे त्या माणसावरचे उपकार नाहीत, नागरिक म्हणून आपलं साधं कर्तव्य आहे.