पाखरांखालचे पाणी

नळ्या दोन. भिंगे दहा. लोलक चार. गळ्यात अडकवायचा पट्टा एक, तोही मूळचा नव्हे, नायलॉनच्या दोरीचा. झाकणे चार होती, त्यांतले एक उरले आहे. डाव्या नळीत बुरशी, उजवी नळी स्वच्छ. एवढे सगळे मिळून मी होते. मित्रांनो, मी बुरोंडीच्या दत्ताराम तांडेलांच्या घरातली जुनी दुर्बीण आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावरची अक्षरे खाऱ्या वाऱ्याने केव्हाच पुसून टाकली. पहिली आठवण आहे ती एका तेलवाहू जहाजाची. हर्णैचे खुर्शीदभाई त्या जहाजावर नोकरीला होते. आखातातून कायमचे घरी परतताना त्यांनी मला सोबत आणले आणि आपल्या मित्राच्या हातात ठेवत म्हटले, "घे दत्ता. मला आता ओटीवरून बाजार दिसतो, तेवढं पुरे. तुला लांबचं बघावं लागतं."

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. जाळे कुठे टाकायचे ते तोच ठरवतो. पाण्याखालची मासळी बोटीवरून दिसत नाही, पण मासळी वर आली की तिच्यावर पाखरे तुटून पडतात आणि ती पाखरे फार लांबून दिसतात. दत्ताराम मला डोळ्याला लावत, क्षितिजावर पाखरांची गर्दी शोधत, आणि ती सापडली की त्यांचा हात लगेच खाली झुके. पाण्याचा रंग कसा आहे, ते कुठे उकळल्यासारखे दिसते आहे, एवढेच त्यांना हवे असे. अशी हजारो पाखरे माझ्या भिंगांत आली आणि वरच्या काठावरून निसटून गेली. मला त्यांची पोटे ठाऊक होती, पाय ठाऊक होते. डोळे मात्र कधी नीट दिसले नाहीत.

तरीही ते दिवस चांगले होते. बंदरावर लोक म्हणत, "दत्ताच्या दुर्बिणीला मासळीचा वास येतो." हे शास्त्रीयदृष्ट्या खरे नव्हते, पण ऐकायला बरे वाटे.

मग बोटीवर फिश फाइंडर आला. पाण्याखालची मासळी पडद्यावर ठिपक्यांनी दिसू लागली आणि मी पडवीतल्या खिळ्यावर गेले. तिथे पावसाळ्याची ओल माझ्या डाव्या नळीत शिरली आणि लोलकावर बुरशीचे पांढरे धागे पसरले. पुढे दत्तारामांचे गुडघेही गेले. बोट त्यांचा मुलगा रूपेश चालवू लागला. दत्ताराम रोज सकाळी किनाऱ्यावर मासळीचा एक क्रेट पालथा घालून त्यावर बसत. बोट येईपर्यंत वाट पाहत. बोट आली की सगळे कामाला लागत आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. आम्हा दोघांची अवस्था साधारण सारखीच होती.

त्यांची मुलगी ऋतिका प्राणिशास्त्रात पदवी घेऊन रत्नागिरीहून घरी आली, तेव्हा तिने मला खिळ्यावरून काढले. आधी मऊ ब्रशने वाळू झटकली, मग एकेक नळी उजेडाकडे धरून पाहिली.

"बाबा, ही डाव्या डोळ्यानं आंधळी झाली."

"मी गुडघ्यानं गेलो, ती डोळ्यानं," दत्ताराम म्हणाले. "सोबत झाली."

जानेवारीतली सकाळ होती. ओल्या वाळूवर कुरवांचा, म्हणजे सीगल पाखरांचा, मोठा थवा बसला होता. ऋतिकाने मला एका कुरवावर धरले आणि मी सवयीने वाट पाहिली की आता हात खाली जाईल. तो गेला नाही. मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खे पाखरू पाहिले. पिवळी चोच, टोकाजवळ काळा पट्टा, त्यापुढे लाल टोक. डोळ्याच्या वर आणि खाली एकेक पांढरी कोर. ऋतिका बराच वेळ हलली नाही. मीही नाही.

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. मोबाइलने काढलेल्या फोटोत कुरव तांदळाच्या दाण्याएवढे येत, म्हणून तिने युक्ती केली. जाळ्याला बांधतात त्या फोमच्या बोयाचा तुकडा कापला, त्याला भोक पाडले आणि माझी उजवी नळी व मोबाइलचा कॅमेरा त्यात समोरासमोर बसवले. पहिला धड फोटो आला तेव्हा तिने तो आईला, आवडाबाईंना दाखवला. आवडाबाई बाजाराला निघाल्या होत्या. "छान हाय," त्या म्हणाल्या. "पण रोज एवढी पाखरं धरून काय करतेस गो? कालवण व्हायचं नाय त्याचं."

फेब्रुवारीच्या शेवटी ऋतिकाला एका मोठ्या कुरवाच्या पायात हिरवे काहीतरी दिसले. ती धावतच वडिलांकडे आली. अभ्यासक पक्ष्यांच्या पायात कडे घालतात, त्यावर अक्षरे आणि आकडे असतात, ते वाचता आले तर पक्षी कुठून आला ते कळते, असे तिने सांगितले.

"म्हणजे बोटीच्या नंबरासारखं," दत्ताराम म्हणाले. "नंबर बघितला की बंदर कळतं."

"अगदी तसंच. फक्त वाचायला हवा. आणि वेळ थोडा आहे, बाबा. त्याचं डोकं काळं व्हायला लागलंय. डोकी काळी झाली की ते परत जातात."

दत्तारामांनी मान वर करून थव्याकडे पाहिले. "कुठल्या बंदरातला असेल गो?"

हा प्रश्न त्या दोघांनाही सोडेना. पण कुरव थव्याच्या मधोमध बसे, नाहीतर नेमका तोच पाय पोटात घेऊन एका पायावर उभा राही. शिवाय ऋतिकाला डोळे आणि चोच आवडत, त्यामुळे तिच्या फोटोंत कुरवाचा चेहरा असे आणि पाय पुढच्या पाखराआड जात. एकदा तिचा धीर सुटला. ती वाकून पुढे पुढे गेली, आणि सगळा थवा एकदम उडाला. दोन दिवस तो परत आला नाही.

"जाळं अंगावर घेऊन पळालीस तर मासा थांबेल काय?" दत्ताराम म्हणाले. "बस माझ्याजवळ."

पाखरे परतली तेव्हा बहुतेकांची डोकी काळी झाली होती. त्या सकाळी रूपेशची बोट भरून आली. आवडाबाईंनी मासळी निवडायला हाक मारली, म्हणून ऋतिकाने मला मोबाइलसकट वडिलांच्या हातात दिले. "हे गोल बटण दाबत राहा," असे सांगून ती गेली. दत्ताराम क्रेटवर स्थिर बसले होते. रोजचे असल्यामुळे पाखरांना त्यांची भीती नव्हती. बोटीवरून फेकलेली बारीक मासळी टिपत थवा सरकत त्यांच्यापर्यंत आला आणि तो कुरव अगदी समोर उभा राहिला. त्यांनी मला पाखरावर धरले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात खाली झुकले.

मासळी निवडून झाल्यावर तिघांनी फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत ओली वाळू, उथळ पाणी आणि वरच्या काठाला पाखरांची पोटे.

आवडाबाई हसू लागल्या. "सगळ्यांची डोकी उडवलीत. मासळी साफ करायला बसलेलात काय?"

दत्तारामांनी मला मांडीवर ठेवले. "हात ऐकत नाय," ते हळूच म्हणाले. "पाखरू दिसलं की पाण्यावर जातो."

ऋतिका मात्र एक फोटो बोटांनी मोठा करत होती. डोके नव्हते, चोच नव्हती, पण दोन पिवळसर पाय वाळूवर घट्ट उभे होते, आणि उजव्या पायातल्या हिरव्या कड्यावरची पांढरी अक्षरे सरळ समोर आली होती.

"बाबा, वाचा."

दत्तारामांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. मग आवडाबाईंना वाचायला लावले.

ऋतिकाने कडे घालणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधून तो फोटो पाठवला. त्याच आठवड्यात थवा निघून गेला. किनारा रिकामा झाला, पण दत्ताराम मला गळ्यात अडकवून येतच राहिले. कुरव नसले तर चिखल्या असत, बगळे असत, खडकावरचा खंड्या असे. आता ते आधी पाय पाहतात आणि मग मला हळूहळू वर नेतात, थेट डोळ्यापर्यंत. तिथे थांबतात. एखादे नवे पाखरू दिसले की घरी गेल्यावर आधी आवडाबाईंना सांगतात, आणि त्या विचारतात, "डोकं हाय ना त्याला?"

मित्रांनो, तुमच्याही घरी खिळ्यावर कुणीतरी टांगलेले असेल. ते खाली काढा. भिंगे साडीच्या पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, वाळूचा एक कण पुरतो ओरखडा पडायला. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी फेकून देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात माझ्यासारखीला तिच्यासोबत ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. माझी डावी नळी आता सुधारणार नाही, पण उजवी पुष्कळ वर्षे टिकेल. आणि पाखरांमागे धावू नका. एका जागी बसा. ती येतात.

संस्थेचे उत्तर मे महिन्यात आले. ऋतिकाने ते पडवीत बसून वडिलांना वाचून दाखवले. पक्षी: मोठा काळ्या डोक्याचा कुरव. कडे घातले तेव्हाचे वय: पिल्लू. ठिकाण: कझाकस्तानातील एका तळ्यातले बेट. कडे घातल्यापासून फोटोपर्यंतचा काळ: चार वर्षे नऊ महिने. तळ्यापासून बुरोंडीचे सरळ अंतर: तीन हजार सहाशे चाळीस किलोमीटर.