बिनआवाजाचा अलार्म

टेबलावर कप पालथा ठेवलेला होता, धुऊन, कागदाच्या घडीवर. आमची झोप उडाली ती तेव्हापासून.

मी आणि लेक बाजारातून आलो होतो. ती कामाच्या खोलीत शिरायला गेली आणि दारातच थबकली. ही खोली आमच्या घराच्या कडेला आहे. तिचं एक दार बोळात उघडतं, एक आत स्वयंपाकघरात. पूर्वी तिथे माझं शिलाई मशीन होतं. शाळांचे गणवेश शिवून मी लेकीला शिकवलं, आणि आता ती त्याच खोलीत बसून कपड्यांच्या कारखान्यांसाठी कापणीचे नमुने काढते. मी खडूने कापडावर काढायची, ती कॉम्प्युटरवर काढते, आणि पलंगाएवढं एक मशीन ते कागदावर छापून देतं. बाही तीच, खांदा तोच. फक्त तिला माझ्यासारखं गुडघे टेकून जमिनीवर वाकावं लागत नाही, याचा मला फार अभिमान.

खोलीतलं काही गेलं नव्हतं. खुर्ची तेवढी खिडकीकडे वळवलेली होती, आणि टेबलावर तो कप.

"तू ठेवलास?" लेकीने विचारलं.

"मी कप फळीवर ठेवते. टेबलावर ठेवायला मी काय पाहुणी आहे?"

असा कप कोण ठेवतं हे दोघींनाही माहीत होतं. जावई. चहा प्यायला की स्वतः उठायचा, कप धुवायचा, कागदाची घडी करून तिच्यावर पालथा घालायचा. मी चार बायकांत मिरवलं होतं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. लेक त्याचं घर सोडून माझ्याकडे का आली, ते मी उगाळत बसणार नाही. मनगटाचं हाड नीट जुळलं, एवढं पुरे.

तो इलेक्ट्रिशियन. आमच्या घरातली एकूण एक वायर त्याने ओढलेली, आणि खिडकीचे गजही त्यानेच बसवलेले. त्यांचे स्क्रू बाहेरून फिरवता येतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही मोठ्या दिमाखात दाराचं कुलूप बदललं होतं.

पोलीस चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, काय चोरीला गेलं? काही नाही. काय मोडलं? काही नाही. कप धुतल्याची तक्रार लिहून घेऊ का, असं त्यांनी विचारलं नाही, पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

लेकीच्या हातात तेव्हा आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. एका कारखान्याचे अख्ख्या हंगामाचे नमुने. ते वेळेवर दिले की कारखाना तिला कायमचं बांधून घेणार होता. नाही दिले तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि माझ्या थकलेल्या डोळ्यांवर दोघींचं पोट चालणार नव्हतं. हे जसं आम्हाला कळत होतं तसं त्यालाही कळत होतं. तो चोरी करायला आला नव्हता. मी कधीही येऊ शकतो, एवढं सांगून गेला होता.

गज पक्के जोडून घेतले आणि आम्ही अलार्म बघायला गेलो.

दुकानदार कपाळावर चष्मा चढवून बसला होता. त्याने एक पांढरा डबा समोर ठेवला आणि बोटाएवढे दोन तुकडे.

"मावशी, एक तुकडा दाराला, एक चौकटीला. दार उघडलं की दोघं लांब जातात आणि डब्याला कळतं. वायर नाही, भिंत फोडणं नाही. डबा मोबाइलवर निरोप पाठवतो आणि भोंगा वाजवतो."

"केवढ्यांदा?"

त्याने वाजवून दाखवला. रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला आणि आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने.

"हा नको," मी म्हटलं. "बिनआवाजाचा दाखवा."

"बिनआवाजाचा अलार्म? मावशी, उद्या बिनभिजणारं पाणी मागाल!"

"आवाजाचाच द्या," लेक म्हणाली.

"अगं, अख्खी गल्ली गोळा होईल. त्यांना काय सांगू? जावई खिडकीतून आलेत?"

दुकानदार एकदम खाली वाकून कसलीतरी खोकी लावायला लागला.

तर तेही सांगते. जावई बाहेरगावी मोठ्या कामावर गेलेत, तोवर लेक माझ्याकडे आहे, असं मी गल्लीत सांगून ठेवलं होतं. मनगटाचं विचारलं तर जिन्यावरून पडली. माझ्या घराकडे बोट दाखवायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. आता हातात भोंगा धरून मीच दवंडी पिटू?

"भोंगा बंद ठेवता येतो," खोक्यांमागून आवाज आला. "नुसता निरोप जाईल. पण मग हा घ्या, सिमकार्डवाला. थोडा महाग आहे, पण लाइट गेली तरी निरोप जातो."

"डब्यात बॅटरी आहे म्हणालात ना मघाशी?"

"डब्यात आहे हो. पण तुमच्या घरच्या इंटरनेटला कुठे आहे? लाइट गेली की ते बंद, मग डबा निरोप पाठवणार कशावरून?"

"आमच्याकडे लाइट जात नाही," मी म्हटलं. खरंच जात नाही. शिवाय ज्याला विकायचं असतं त्याला महागाचंच चांगलं वाटतं. लेक म्हणत होती, आई, सिमवाला घेऊ. मी पिशवी उचलून दाराकडे निघाले. असं निघालं की भाव उतरतो, हा माझा जन्माचा अनुभव. स्वस्तातला होता तो आणखी स्वस्त करून घेतला आणि विजयी मुद्रेने घरी आणला.

लेकीने तुकडे चिकटवले आणि डबा कामाच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. मग बराच वेळ मोबाइलवर बोटं फिरवत बसली.

"भोंगा बंद केलाय. तुझ्यासाठी," ती म्हणाली. "पण हा रिमोट तुझ्याजवळ ठेव. याचं लाल बटण दाबून धरलंस तर भोंगा वाजणारच. ते बंद करता येत नाही, आणि मी केलंही नसतं."

तिने तो माझ्या चष्म्याच्या दोरीत ओवून टाकला.

"गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तसं दिसतंय," मी म्हटलं.

"घंटा वाजते तरी, आई."

मी भाजी चिरायला घेतली. मला गप्प बसवणारी घरात ती एकटीच.

मग काही दिवस बरे गेले. बोळाचं दार उघडलं की तिचा मोबाइल किणकिणायचा. ती रात्री दोनदा उठून कडी बघायची, ते थांबलं. जेवताना बोलायला लागली. नमुन्यांचे गुंडाळे भिंतीला उभे राहायला लागले.

ज्या दिवशी ती पहिले गुंडाळे घेऊन कारखान्यात गेली त्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. पंखा मंदावला आणि थांबला. फ्रिजची घरघर थांबली. लाइट गेली वाटतं, म्हणत मी हात पुसले. आणि लक्षात आलं, शेजारी मास्तरीणबाईंचा रेडिओ चालूच आहे.

लाइट फक्त आमची गेली होती. आमच्या मीटरची पेटी बोळात आहे.

माझा मोबाइल कामाच्या खोलीत, चार्जिंगला. मी तशीच उभी राहिले. बोळाच्या दाराच्या कुलपात काहीतरी खरवडत होतं. घाई नव्हती त्या आवाजात. माझ्या ओळखीची सफाई होती. दार उघडलं. मधल्या दाराच्या फटीतून दिसलं, फळीवरच्या डब्याचा हिरवा दिवा लाल झाला आणि उघडझाप करायला लागला, मुक्याने हातवारे करावेत तसा. निरोप जायचा तो इंटरनेटवरून, आणि इंटरनेटचे दिवे विझलेले. लेक तिकडे कारखान्यात खांदे आणि बाह्या समजावत असणार.

मधल्या दाराला कडी घालून स्वयंपाकघरात बसता आलं असतं. पण ते घर माझं होतं. मी दार ढकललं.

तो टेबलामागे वाकला होता. कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून काढत होता, गुंडाळून बाजूला ठेवत होता. लेक कामाची दुसरी नक्कल ज्या छोट्या डबीत ठेवायची, ती त्याच्या वरच्या खिशात दिसत होती.

"आई, दचकलात का? मीच आहे."

"जावईबापू, ते खाली ठेवा."

"ठेवतो ना. घरी नेऊन ठेवतो." त्याने कॉम्प्युटर काखेत घेतला. "तिला सांगा, काम तिकडे आहे, खुर्ची आहे, नवरा आहे. ये आणि बस आरामात."

"तिची मुदत आहे. बुडेल ती."

"म्हणून तर म्हणतो, लवकर ये म्हणावं." तो हसला. हसू तेच, ज्याचं मी कौतुक करत फिरले होते. "चहा टाकता का थोडा? कप धुऊन ठेवीन."

"मी ओरडेन."

"नाही ओरडणार. तुम्हाला मी ओळखत नाही का? आत्ता कोपऱ्यावर सायकलवाला भेटला. म्हणाला, काय साहेब, बाहेरगावाहून कधी आलात? सासूबाई फार सांगतात तुमच्या कामाचं. मी म्हटलं, आजच आलो, सुट्टी आहे." तो एक पाऊल पुढे आला. "तुमचा शब्द खाली पडू दिला नाही, आई."

मी दाराला तुकडे चिकटवत बसले होते, आणि तो गल्लीच्या तोंडापासून मानाने चालत आला होता, वाटेत नमस्कार घेत. ती वाट मीच झाडून ठेवली होती.

त्याची नजर माझ्या दोरीवर गेली.

"हे काय? अच्छा. अलार्म बसवलाय." त्याने फळीवरच्या लाल दिव्याकडे बघितलं, कान दिल्यासारखं केलं आणि मान हलवली. "भोंगा बंद ठेवलाय. तुम्हीच सांगितलं असणार." त्याने मोकळा हात पुढे केला. "द्या इकडे. उगाच काहीतरी दाबाल."

त्या हाताने काय काय होतं ते मला माहीत होतं. मी मागे सरकले, पाठ भिंतीला लागली, नमुन्यांचे गुंडाळे गडगडत त्याच्या पायांत आले. तो त्यांच्यावरून पाय उचलेपर्यंत माझ्या अंगठ्याला बटण सापडलं होतं. इतकी वर्षं न बघता सुई ओवलेला अंगठा आहे. दाबून धरायचं, लेकीने सांगितलं होतं. मी धरलं. काही होईना. त्याने दोरीला हात घातला, चष्मा खाली पडला, तरी मी धरलं.

आणि भोंगा वाजला.

बंद खोलीत तो दुकानातल्यापेक्षा दुप्पट वाटला. त्याने दोरी सोडली. पण पळाला नाही. कॉम्प्युटर काखेतच ठेवून, शर्ट सारखा करून, शांतपणे बोळात गेला. मी मागोमाग, चष्म्याविना.

मास्तरीणबाई दारात आल्या होत्या. सायकलवाला हातात पाना घेऊन धावत आला, त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं.

"काही नाही, काही नाही!" जावई भोंग्यावर आवाज चढवून म्हणाला. "नवीन अलार्म आहे, आईंकडून चुकून दाबला गेला. हा कॉम्प्युटर जरा दुरुस्तीला नेतो."

सायकलवाला बाजूला व्हायला लागला. साहेबच ते. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"काकू, चुकून का?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला कोणाचंच तोंड नीट दिसत नव्हतं, ते बरं झालं. नुसती मान डोलावली असती तर माझं नाक वर राहिलं असतं आणि लेकीचं काम त्याच्या काखेतून कोपऱ्यावरून दिसेनासं झालं असतं.

"चुकून नाही!" मी ओरडले. भोंग्यामुळे ओरडावंच लागत होतं. "हा बाहेरगावी नव्हताच कधी! मी खोटं सांगितलं! लेक जिन्यावरून पडली नाही, तिचं मनगट याने मोडलं! कुलूप फोडून आलाय! ठेव रे ते खाली, ते तिचं आहे!"

जावयाला मी जन्मात अरेतुरे केलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा कुठे गेलं.

सायकलवाल्याने पाना खिशात घातला आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या साहेब, जड असेल." कॉम्प्युटर घेऊन त्याने मास्तरीणबाईंकडे दिला आणि स्वतः बोळाच्या तोंडाशी पाय फाकून उभा राहिला. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. या वेळी मोडलेलं कुलूप होतं, खिशात डबी होती, आणि बघणारी गल्ली होती.

भोंगा कसा बंद करायचा ते मला माहीत नव्हतं. मास्तरीणबाईंच्या फोनवरून निरोप मिळाला तशी लेक धावत आली, तोवर तो वाजत होता आणि मी पोलिसांना ओरडून ओरडून सांगत होते. तिने रिमोट घेऊन काहीतरी दाबलं. एकदम शांत झालं आणि माझाच आवाज गल्लीभर घुमला, "...कप धुतो म्हणून भुलले मी!"

त्याला गाडीत बसवून नेत होते. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे जावई बाहेरगावी..."

"आता जातील," मी म्हटलं.

लेकीने काम वेळेवर दिलं. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी एकटी दुकानात गेले. दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"तो सिमवाला द्या," मी म्हटलं. "भाव करत नाही."

"देतो की. बिनआवाजाचा ठेवायचा ना, मावशी?"

"आधी वाजवून दाखवा."

न्हावी पुन्हा बाहेर आला.